घातक कचऱ्याचा परवाना आणि सूचनेचा हक्क

(बुद्धविहारातील अभ्यासवर्गात एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मला 'नागरिकाचे मूलभूत हक्क' हा विषय सुचविण्यात आला होता. त्या विषयावर या व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी माणसांनी पूर्वी बोलून ठेवले आहे. यास्तव आपल्या अनुज्ञेने मी त्या विस्तीर्ण विषयाचा एक लहानसा कोपरा निवडला आहे. तो कोपरा म्हणजे एक परवाना. कारखान्यांतून निघणारा घातक कचरा जाळण्याचे अथवा पुरण्याचे नवे केंद्र एखाद्या गावाशेजारी उभारावयाचे झाले तर त्यास मंजुरी कशी मिळते, त्या वाटेवर आपणांस बोलण्याचा अधिकार नेमका कोठे आहे आणि तो आपण आपल्याच हाताने कसा गमावतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय रुक्ष आहे हे मी आधीच कबूल करतो. परंतु ज्यांच्या विहिरीचा प्रश्न असतो त्यांना तो रुक्ष वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते थोडक्यात पाहू. रंग, औषधे, कीटकनाशके तयार करणारे, धातूंना मुलामा देणारे जे कारखाने आहेत त्यांतून गाळ, वापरून टाकलेली द्रावणे, भट्टीची राख असे पदार्थ निघतात. ते नाल्यात सोडता येत नाहीत, उकिरड्यावर टाकता येत नाहीत. यासाठी सामुदायिक केंद्रे असतात. आपल्या राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. तेथे काही कचरा प्रखर उष्णतेच्या भट्टीत जाळतात. काही कचऱ्यात चुना, सिमेंट मिसळून तो एका मोठ्या खड्ड्यात पुरतात. खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचे थर आणि जाड प्लॅस्टिकची चादर असते. त्यातून झिरपणारे विषारी पाणी नळांनी गोळा करावयाचे व शुद्ध करावयाचे असते. खड्डा भरला की वरून झाकण घालतात. काम येथे संपत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे खड्डा बंद झाल्यावरही तीस वर्षे त्यावर देखरेख ठेवावी लागते. म्हणजे तो आज बंद झाला असे धरले, तर आज पहिलीत बसलेली मुलगी छत्तीस वर्षांची होईतो कोणीतरी त्या जमिनीखालचे पाणी तपासत राहिले पाहिजे.

माझे म्हणणे असे केंद्र कोठेच नसावे असे नाही. आपली मुले याच कारखान्यांत कामाला जातात. तेथला कचरा शास्त्रशुद्ध रीतीने पुरला नाही तर तो रात्री चोरून ओढ्यात ओतला जातो, आणि तो ओढाही बहुधा आपल्याच वस्तीवरून वाहतो. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. तेथील रसायनांच्या कारखान्यांनी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. तो पावसाने जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी माणसालाच काय, गुरांनाही पिण्याजोगे उरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई करावी, असा स्पष्ट निर्णय दिला. तथापि ३७ कोटींहून अधिक असलेली ती रक्कम सव्याज भरण्याचा आदेश त्याच न्यायालयाला २०११ साली पुन्हा द्यावा लागला! निकाल हाती आहे आणि विहीर नासलेली आहे, अशी ती पंधरा वर्षे होती. म्हणून मी म्हणतो की भांडावयाचे ते कचरा येण्यापूर्वी. आणि येण्यापूर्वी भांडण्याची कायद्याने दिलेली जागा एकच आहे, ती म्हणजे परवान्याची वाट.

ही वाट १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने आखून दिली आहे. त्यानंतर तिच्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु सांगाडा तोच आहे. केंद्रात भट्टी असेल तर मंजुरी दिल्लीचे पर्यावरण मंत्रालय देते. केवळ खड्डा असेल तर सामान्यतः राज्याचे प्राधिकरण देते. अर्जदाराने प्रथम प्रकल्पाच्या परिणामांचा मसुदा-अहवाल करावयाचा, मग त्यावर लोकांचे म्हणणे घ्यावयाचे, ते ध्यानात घेऊन अहवाल दुरुस्त करावयाचा, आणि मग तज्ज्ञांच्या समितीने तो तपासून शिफारस करावयाची असा क्रम आहे. त्यापुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. शिवाय घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांखाली वेगळे अधिकारपत्र घ्यावे लागते. या पायऱ्यांचा तपशील मी येथे उगाळीत बसत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची पायरी एकच, ती म्हणजे लोकसुनावणी.

ही सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ झाली पाहिजे. जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला अधिकारी तिचा अध्यक्ष असतो. निदान तीस दिवस आधी तिची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. त्यांतले एक पत्र स्थानिक भाषेतील असले पाहिजे. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि मराठीत तयार करून जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, स्थानिक पंचायत अशा ठिकाणी तो आणि मूळ मसुदा लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. हजर असलेल्या प्रत्येक माणसास अर्जदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे; जो येऊ शकत नाही तो लेखी हरकत पाठवू शकतो. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवा: सुनावणीस गणसंख्येची अट नाही. चारच माणसे आली तरी ती सुनावणी झाली.

या अधिसूचनेत २००९ साली एक वाक्य घालण्यात आले. जेथे वर्तमानपत्रे पोचत नाहीत तेथे दवंडी पिटून किंवा आकाशवाणी व दूरदर्शनवरून लोकांस सुनावणीची माहिती द्यावी, असे ते वाक्य आहे. ते प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले आणि वाईटही वाटले. दवंडी देणे, सांगावा पोचविणे, मर्तिकाची खबर घेऊन उन्हातान्हात परगावी जाणे ही महारकीच्या वतनातली कामे होती. आमच्या आज्या-पणज्यांनी ती केली. १९५८ च्या कायद्याने ती वतने नष्ट झाली, हे उत्तमच झाले. परंतु विचार करा, सबंध गावाला खबर देणारा माणूस गावकुसाबाहेर राहत होता, आणि आज सरकारची खबर गावात आली तर ती शेवटी पोचते त्याच वस्तीत. पंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटविला जातो. तो फळा कोणाच्या वाटेवर असतो, हा प्रश्न अधिसूचनेत नाही.

आता कोणी म्हणेल, वर्तमानपत्रात जाहिरात आली, फळ्यावर कागद लागला, कायदा पुरा झाला. सूचना दिली गेली खरी. पण ज्याच्यासाठी ती होती त्याला ती कळली नाही, किंवा न कळणाऱ्या भाषेत मिळाली, तर ती मिळाली असे म्हणावे काय? हा प्रश्न अमेरिकेतील एका लहानशा गावाने न्यायालयात नेला होता. त्याची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण तीत आपले पुष्कळ काही दिसते.

कॅलिफोर्निया राज्याच्या किंग्ज काउंटीत केटलमन सिटी नावाचे गाव आहे. नावात शहर असले तरी त्या काळी तेथे जेमतेम अकराशे माणसे राहत होती. शंभरातील सुमारे पंच्याण्णव लॅटिनो, म्हणजे बहुतेक मेक्सिकोतून आलेले शेतमजूर व त्यांची मुलेबाळे. शंभरातील सुमारे चाळिसांना स्पॅनिशवाचून दुसरी भाषा येत नव्हती. गावापासून काही मैलांवर घातक कचरा पुरण्याचा एक प्रचंड खड्डा होता. तो तेथे आहे हे गावातील पुष्कळांस कित्येक वर्षे माहीतही नव्हते. १९८८ साली केमिकल वेस्ट मॅनेजमेंट या कंपनीने त्या जागी वर्षाला एक लाखाहून अधिक टन विषारी कचरा जाळणारी भट्टी बांधण्याचा प्रस्ताव मांडला. कायद्याप्रमाणे सूचना दिली गेली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, रस्त्याकडेच्या खांबांवर फलक लागले आणि लगतच्या जमीनमालकांना टपालाने पत्रे गेली. शेतमजुराला जमीनच नसते, मग त्याला पत्र कोठून येणार? गावाला ही बातमी कळली ती बाहेरच्या एका संघटनेच्या कार्यकर्त्याकडून.

मग प्रकल्पाचा अहवाल आला. सुमारे एक हजार पाने, सारी इंग्रजीत. गावकऱ्यांनी 'लोक, स्वच्छ हवा आणि पाण्यासाठी' अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाची संस्था काढली आणि अहवालाचे भाषांतर मागितले. काउंटीने नकार दिला. कंपनीने केवळ काही पानांचा सारांश स्पॅनिशमध्ये करून दिला. सुनावणी ठेवली ती गावात नव्हे, तर सुमारे चाळीस मैल दूर हॅनफर्डला, एका भव्य सभागृहात. केटलमनचे लोक मोठ्या संख्येने तेथे गेले. अधिकारी पुढे व्यासपीठावर बसले. ज्यांना भाषांतर हवे असेल त्यांनी सभागृहात अगदी मागे जावे, तेथे दुभाष्याची सोय आहे, असे सांगण्यात आले. तेव्हा त्या गावातील एकाने उठून अध्यक्षांना अमेरिकेतील काळ्या लोकांना बसमध्ये मागच्या बाजूस बसविले जात असे त्या दिवसांची आठवण करून दिली. आपणांस ती आठवण अमेरिकेतून आणावी लागत नाही. शाळेच्या दाराबाहेर गोणपाटावर बसून ज्यांनी फळ्यावरची अक्षरे वाचली त्यांचीच ही सभा आहे.

जानेवारी १९९१ मध्ये काउंटीने परवाना दिला. गावकरी न्यायालयात गेले. ग्रामीण गरिबांना कायदेशीर साहाय्य देणाऱ्या एका संस्थेचे वकील ल्यूक कोल त्यांच्या बाजूने उभे राहिले. ३० डिसेंबर १९९१ रोजी निकाल लागला. हवेवर आणि शेतीवर होणाऱ्या परिणामांचा अहवालातील विचार अपुरा आहे, असे न्यायाधीशांनी ठरविले. शिवाय अहवालाचे व सुनावणीचे स्पॅनिश भाषांतर न दिल्याने ज्यांचा सहभाग कायद्याला अभिप्रेत होता त्यांस खऱ्या अर्थाने सहभागी होताच आले नाही, असेही ठरविले. कंपनीने अपील केले. पण १९९३ च्या सप्टेंबरात तिने भट्टीचा प्रस्तावच मागे घेतला.

विधिमहाविद्यालयात असताना मी हा निकाल वाचला असता तर कदाचित नाक मुरडून म्हटले असते की हा तर तांत्रिक मुद्द्यावर मिळालेला विजय. आज मी तसे म्हणणार नाही. भट्टीतून निघणारे वायू किती घातक, यावर कंपनीच्या तज्ज्ञासमोर शेतमजूर टिकणार नव्हता. परंतु 'मला समजेल अशा भाषेत मला सांगितले नाही' हे वाक्य त्याच्याहून अधिक अधिकाराने कोणी उच्चारू शकत नव्हते. ज्या मुद्द्यावर दुर्बल माणूस स्वतःच साक्षीदार असतो तो मुद्दा तांत्रिक म्हणून सोडून देऊ नये.

अर्थात या कथेचा शेवट गोड करून सांगणे मला पटत नाही. भट्टी टळली, खड्डा राहिला. २०१४ साली त्याच खड्ड्याच्या विस्ताराला कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने परवानगी दिली; त्यावर नागरी हक्कांच्या कायद्याखाली झालेल्या तक्रारीत २०१६ साली समझोता झाला. उत्तर कॅरोलायना राज्यातील वॉरेन काउंटीत, जेथे बहुसंख्य वस्ती काळ्या लोकांची होती, तेथे १९८२ साली विषारी माती पुरण्याविरुद्ध पाचशेहून अधिक लोकांनी अटक करून घेतली, तरी माती पुरली गेलीच. त्या चळवळीतून देशभर प्रश्न उठला, की अशी केंद्रे नेहमी याच लोकांच्या दारात का? १९९४ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांनी याचा विचार करावा असा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला. आदेशाने मिळते ते आदेशाने जाते, हे वकिलाला तरी कोणी सांगावयास नको.

आता घरी येऊ. आपल्या अधिसूचनेत मराठी सारांशाची तरतूद आहे, सुनावणी जागेवर घेण्याची तरतूद आहे. म्हणजे केटलमनच्या लोकांना ज्यासाठी न्यायालयात जावे लागले त्यातील बरेचसे आपल्याला कागदावर मिळालेले आहे. तथापि मूळ अहवाल इंग्रजीतच असतो आणि खरी माहिती, म्हणजे भूजलाची पातळी, वाऱ्याची दिशा, विहिरींचे नमुने, ही त्याच्या जोडपत्रांत असते. २०२० साली केंद्र सरकारने या अधिसूचनेच्या जागी आणावयाचा नवा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत काढला. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी, तो घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करावा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी, असा आदेश दिला. त्या भाषांत मराठी आहे. ज्या कायद्याने तुमची विहीर धोक्यात येऊ शकते तो तुमच्या भाषेत वाचावयास मिळावा, ही मागणी अवास्तव नाही, एवढे तरी त्या आदेशावरून दिसते.

आणखी दोन उणिवा सांगतो. एक, औद्योगिक वसाहतीला आधीच मंजुरी मिळालेली असेल तर तिच्या आतील प्रकल्पांना लोकसुनावणीतून सूट मिळू शकते. तेव्हा वसाहतीचा प्रस्ताव येतो तेव्हाच जागे राहिले पाहिजे. कुंपण पडल्यावर आत काय येते हे विचारण्याची संधी मिळेलच असे नाही. दुसरी उणीव आपल्या मर्मावरची आहे. अहवालात परिसरातील अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या जनगणनेतून उचलून लिहिलेली असते, पण ती नुसतीच लिहिलेली असते. ही जागा निवडल्याने ओझे कोणावर पडते, याची परीक्षा करण्याचे बंधन अधिसूचनेत नाही. पूर्वी गावाची घाण काढण्याचे काम आपल्या माथी मारले होते; आता घाणीची जागा आपल्या शेजारी निघते, आणि कारण विचारले तर 'जमीन पडीक होती', 'वस्ती विरळ होती' असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे असेलच असे नाही. जमीन पडीक का आणि वस्ती तेथेच का, हा इतिहास त्या उत्तरात नसतो, इतकेच. पण यावर कायद्यात एक खुंटी आहे. अहवालात पर्यायी जागांचा विचार करावा लागतो. म्हणून सुनावणीत उभे राहून अगदी शांतपणे विचारावे, 'आणखी कोणत्या जागा पाहिल्या? त्या का सोडल्या? त्या जागांशेजारी कोण राहते?' आणि उत्तर लिहून घ्यावयास लावावे.

येथे मला तरुण मंडळींशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सुनावणी उधळून लावणे हा पराक्रम आहे असे पुष्कळांना वाटते. मंडप पाडला, खुर्च्या फेकल्या, अधिकारी निघून गेले, आपण जिंकलो! परंतु अधिसूचनेचे ते कलम काढून वाचा. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी सुनावणी घेणे शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणीवाचूनच पुढे जाण्याचा निर्णय घेता येतो. म्हणजे आपण फेकलेली खुर्ची आपल्याच म्हाताऱ्यांच्या बोलण्याच्या हक्कावर जाऊन पडते. कित्येकदा गोंधळ घालणारे कोणाचे असतात, हेही पाहावे. संताप खोटा आहे असे मी म्हणत नाही; तो कागदावर उतरला पाहिजे असे म्हणतो.

कागदाचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, हे आपण दरवर्षी सांगतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा आपण क्वचित सांगतो. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करणारी रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. पाण्याचा तो प्रश्न शेवटी सिद्धतेचा भार कोणावर, येथे येऊन सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर येथील कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात सांगितले की आपला उद्योग पर्यावरणाला बाधक नाही हे सिद्ध करण्याचा भार उद्योजकावर आहे. म्हणून सुनावणीत आपण रसायनशास्त्र शिकून जाण्याची गरज नाही. आपण प्रश्न नेमका विचारावयाचा. उत्तर सिद्ध करण्याचे काम त्यांचे.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात अशाच एका खड्ड्याच्या प्रस्तावावर सुनावणी होती. तिची बातमी वस्तीत पोचली ती चार दिवस आधी, तीही कारखान्यात जाणाऱ्या एका मुलाने कोणाच्या तरी मेजावर कागद पाहिला म्हणून. मी गेलो तेव्हा मंडप अर्धा भरलेला होता. पडद्यावर चित्रे दाखवून अर्जदाराच्या तज्ज्ञाने चादरीची जाडी, मातीचे थर सारे उत्तम समजावून दिले. आणि तो मनुष्य खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. नंतर मागच्या रांगेतून एक सत्तरीची बाई उठली. ती म्हणाली, "साहेब, माझी विहीर खालच्या अंगाला आहे. वरच्या माळाचं पाणी पावसाळ्यात तिच्यातच उतरतं. तुमची चादर फाटली तर ते मला तुम्ही सांगाल, का विहीरच सांगेल?" मंडपात हशा पिकला. तज्ज्ञ म्हणाला, "आजी, चादर फाटत नाही." ती म्हणाली, "मग तीस वर्षं राखण कशाची करता?" यावर कोणी हसले नाही.

चार तासांनी अधिकारी उठू लागले. मी अध्यक्षांना विनंती केली की सुनावणीचे इतिवृत्त लोकांसमोर मराठीत वाचून दाखवावे आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हावी, असे अधिसूचनेत आहे. थोडी नाराजी झाली. उशीर झाला होता, हे खरे होते. शेवटी वाचन सुरू झाले. सातव्या की आठव्या मुद्द्याला वाक्य आले: 'एका महिलेने पाण्याविषयी शंका उपस्थित केली. अर्जदाराने शंकेचे निरसन केले.' ती बाई जागेवरूनच म्हणाली, "मी असं नव्हते म्हणाले. आणि माझं निरसन झालं नाही." मंडपात पुन्हा गलबला सुरू झाला. अध्यक्षांनी हात वर केला आणि, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे, लेखनिकाला म्हणाले, "बाई म्हणाल्या तसेच लिहा." तिची विहीर, तिची दिशा, पावसाळ्यातील पाण्याचा ओघ आणि चादर फाटल्यास कळविणार कोण हा प्रश्न, चार ओळींत इतिवृत्तात आला. उत्तराच्या जागी 'उत्तर देण्यात आले नाही' असे लिहिले गेले.

प्रकल्प थांबला नाही, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. परंतु इतिवृत्त तज्ज्ञांच्या समितीपुढे गेले तेव्हा समितीने त्या चार ओळींवर बोट ठेवले आणि उताराकडील सर्व विहिरींची पाहणी करून अहवाल पुन्हा आणा, असे सांगितले. त्यात आणखी काही महिने गेले. मंजुरी आली तेव्हा तिच्या अटींत उताराकडील विहिरींचे पाणी ठराविक काळाने तपासण्याची आणि निष्कर्ष पंचायतीस कळविण्याची अट होती. तिच्या वस्तीतील पुष्कळ लोकांना यात समाधान वाटले नाही. मलाही पुरते वाटले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत मंजुरीपासून तीस दिवसांची असते. पुरेसे कारण दाखविले तर आणखी साठ दिवसांपर्यंत ती वाढते, त्यापुढे एकही दिवस नाही. पुण्यास त्याचे खंडपीठ आहे. मी हे लोकांना सांगितले, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व स्त्रियांना, उत्पन्न काहीही असो, १९८७ च्या कायद्याने विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते हेही सांगितले. जे बौद्ध आहेत त्यांनी १९९० पासून अनुसूचित जातींच्या हक्कांस आपण पात्र आहोत हे विसरू नये. अर्ज लिहिताना पुष्कळ जण येथेच अडखळतात. वस्तीने चर्चा केली. अपील करावयाचे नाही, अटी पाळल्या जातात की नाही यावर नजर ठेवावयाची, असे ठरले. निर्णय त्यांचा होता.

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल अर्जदाराला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबर रोजी, द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज करणाऱ्या कोणाही माणसास त्याची प्रत दिली पाहिजे. त्या बाईला वाचता येत नाही. तिचा नातू बारावीला आहे. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात तो अर्ज लिहितो, खाली आजीचा अंगठा घेतो, पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलत नाही, आणि प्रत आली की विहिरीचा आकडा कोणत्या रकान्यात आहे तो तिला मोठ्याने वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी प्रत इंग्रजीत आली होती. त्याने दुसरा अर्ज केला, मराठीत द्या म्हणून. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते काम माझ्याकडे आहे.